चालतंय ना, मग कशाला उघडायचं?

"मेकॅनिकल घड्याळ घेतल्यापासून दिवसाला जेमतेम तीन सेकंद पुढे जातंय. सर्व्हिसला टाकू की राहू दे?" हा प्रश्न मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतोच. सोबत मनगटाचा फोटो. उत्तर काय हवंय तेही प्रश्नातच असतं. "राहू दे" म्हटलं की लगेच आभार येतात. "एकदा दाखवून घ्या" म्हटलं की दोन दिवस शांतता, आणि मग "पण दुसरे एक जण तर म्हणाले..." म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. यापुढे कुणी विचारलं की हेच पाठवीन.

आधी कबुली देते. "चालतंय तोवर हात लावू नका" हे तुमच्यातल्या कित्येकांना मीच सांगितलंय, आणि तेही मोठ्या आत्मविश्वासाने. ते वाक्य मला आजही पूर्ण चुकीचं वाटत नाही, पंचाईत तिथेच आहे.

दर किती वर्षांनी सर्व्हिस करायची, म्हणजे घड्याळ उघडून, साफ करून नवं तेल घालायचं, हा हिशोब तुम्हाला पाठ आहे. रोलेक्स साधारण १० वर्षं सांगते, ओमेगा ५ ते ८. पण मोजायला सुरुवात कुठून करायची? विकणारा म्हणतो, "नुकतीच सर्व्हिस झालीये." ते "नुकतीच" बहुधा त्याला आधीच्या मालकाने सांगितलेलं असतं, आणि त्या मालकाला त्याच्याही आधीच्याने. कागद नसेल तर सर्व्हिस झालेलीच नाही असं धरा, एवढं मी ठामपणे सांगते. (सांगणारीने स्वतः कागद न मागताच घड्याळ घेतलं होतं, तो भाग पुढे येईलच.)

आणि ते तीन सेकंद. ताशी २८,८०० ठोक्यांचं घड्याळ दिवसाला ६,९१,२०० ठोके देतं. त्यात तीन सेकंदांचा फरक म्हणजे कौतुकच, मान्य. पण झोपाळा आठवा. झोका मोठा असो की लहान, एका फेरीला वेळ जवळपास तेवढाच लागतो. घड्याळाच्या आत मागेपुढे झुलणाऱ्या चाकाचं, बॅलन्स व्हीलचंही, तसंच. तेल सुकलं की त्याचा झोका लहान होत जातो, आणि त्या दमलेल्या झोक्यावरही कुणीतरी वेळ नीट लावून दिलेली असू शकते. झोका किती अंशांचा आहे ते टाइमग्राफरवर, म्हणजे टिकटिक ऐकून मोजणाऱ्या यंत्रावर, दिसतं. पूर्ण चावी दिलेली, डायलची बाजू वर, अशा स्थितीत २७० ते ३०० असेल तर तब्येत उत्तम. हा आकडा कुणी मला पाठवत नाही. सेकंद मात्र सगळे पाठवतात.

आता माझं घड्याळ. १९९१ सालचं ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं, २०१७ साली घेतलं. सहाच्या आकड्याखाली बारीक 'टी', म्हणजे ट्रिटियम, अंधारात चमकावं म्हणून वापरायचे ते किरणोत्सारी द्रव्य. ते चमकायचं कधीच थांबलं होतं, पण काट्यांवर आणि ठिपक्यांवर जुन्या हस्तिदंताचा रंग चढला होता, दोन्हीकडे अगदी एकसारखा. त्या रंगासाठीच मी ते घेतलं. आणि त्या रंगासाठीच ते सर्व्हिसला दिलं नाही. जुनं घड्याळ सर्व्हिसला द्यावं, तर परत येताना काटे नवे, डायल नवी, केसला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाला, असं पॉलिश की कडा गुळगुळीत, हे मी ओळखीच्या दोघांच्या बाबतीत पाहिलं होतं. पॉलिशमध्ये गेलेला धातू परत येत नाही. माझी भीती खोटी नव्हती. आळस म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

२०२० मध्ये बाजूची आट्यांची चावी फिरवून सोडवताना रेती घासल्यासारखं लागायला लागलं. आट्यांत मळ असेल म्हणून मी टूथब्रश फिरवला. मग एका रात्री गरम पाण्याने भांडी घासून खिडकीशी येऊन उभी राहिले, तर काचेच्या आतल्या बाजूला, चार आणि पाचच्या मध्ये, नखाएवढी वाफ. बोटाने पुसायला गेले, पुसली जाईना. दिव्याखाली धरून बसले. वीसेक मिनिटांत ती आपोआप गेली, आणि मला, खरं सांगते, आनंद झाला. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं दोन सेकंद पुढे. मी रोजची नोंद वहीत ठेवायचे. ती वही अजून आहे. त्या तारखेला लिहिलंय, "+२. सगळं ठीक." वाफेचा उल्लेख नाही. वही मी एकटीच वाचणार होते, तरी नाही लिहिलं.

सात महिने गेले. एका पहिल्या तारखेला तारीख बदलायला चावी ओढली तर ती हातातच आली.

ज्या काकांकडे नेलं त्यांनी मागचं झाकण उघडलं. पाणी आत येऊ न देणारी रबराची कडी, गॅस्केट, चिमट्यात धरली तर तुकडे पडले. झाकणाच्या आत कारागीर कधीकधी सुईने बारीक खूण कोरून ठेवतात. भिंगातून शेवटची दिसली ती २००६ ची. म्हणजे माझं "नुकतीच" अकरा वर्षांचं होतं. चावीची दांडी गंजून तुटलेली, तारखेच्या चाकाच्या खालच्या अंगाला तांबूस डाग. काकांनी काटे काढले. मिनिटकाट्यावरचं ट्रिटियम फुगून काळं पडलं होतं. त्यांनी काही न बोलता भिंग माझ्याकडे सरकवलं. माझ्यासमोर चिमट्याचं टोक जरासं लागलं आणि काट्याच्या पोकळीतली भर भुगा होऊन पांढऱ्या कागदावर पडली.

"ताई, मशीन कोरडं पडलंय, पण टिकलंय. पिव्हॉट, म्हणजे चाकं ज्यांवर फिरतात ती बारीक टोकं, चांगले आहेत. तेलासाठी आणखी वर्षभर थांबला असतात तरी मी काही बोललो नसतो. पाण्याच्या बाबतीत मात्र दहा वर्षं उशीर झालाय."

"पण मी घेऊन तीनच वर्षं झालीत."

"ते रबराला कुठे माहीत?"

काटे वाचवायला सर्व्हिस टाळली आणि टाळल्यामुळेच काटे गेले. दुसरे बसवले आहेत. ठिपके हस्तिदंती आणि काटे पांढरे, हे सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या रोज येतं.

तेव्हापासून मला हा एक प्रश्न वाटतच नाही. रबर वेगळं, तेल वेगळं. पाणी किती सोसेल म्हणून डायलवर लिहिलेले १०० मीटर हे घड्याळ तयार झालं त्या दिवसाचे असतात. पाण्याजवळ जाणार असाल तर वर्षातून एकदा हवेच्या दाबाची चाचणी करून घ्या. घड्याळ उघडावं लागत नाही, थोडक्या वेळात होते. काचेखाली वाफ दिसली तर मात्र त्याच दिवशी न्या. हे मी वाद न घालता सांगते.

तेलाचं मला अजूनही छातीठोक सांगता येत नाही. जुनी मी म्हणते, प्रत्येक उघडण्यात धोका आहे. स्क्रूड्रायव्हर निसटतो, डायलवर चरा पडतो, कडा जातात. बरोबर आहे. मी तिला म्हणते, बॅलन्सचा पिव्हॉट ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतो, कोरडा फिरला की घासतो, आणि सुटे भाग बनायचे बंद झालेल्या घड्याळात तो आणणार कुठून? यावर ती गप्प बसत नाही. म्हणते, पण तुझे पिव्हॉट तर चांगले निघाले! निघाले खरे. तेव्हा देणार असाल तर पॉलिश नको, डायलला हात नको, जुने भाग परत हवेत, हे पावतीवर लिहून घ्या. तोंडी सांगून भागत नाही.

"आणि तुमच्या दुसऱ्या घड्याळाचं काय?" असंही परवा एकाने विचारलं. त्याची दाबाची चाचणी दरवर्षी होते. झोका गेल्या वर्षी २६२ होता, यंदा २४४. २३५ च्या खाली गेला की देईन असं ठरवलंय. गेल्या वर्षी २५० ठरवलं होतं.