उजव्या कोपऱ्यातून येणारे संवाद

काकांनी फोनवर तक्रार सांगितली तेव्हाच मी औजारांच्या पिशवीत लॅपटॉप टाकला. ते म्हणाले, "एका सिनेमात माणसं उजव्या कोपऱ्यातून बोलतात रे. बाकीच्यात बरोबर समोरून. वायरी त्याच, स्पीकर तेच." सिनेमा बदलला की दोष बदलतो म्हटल्यावर स्क्रू-ड्रायव्हरचं काम कमी आणि फाइली तपासण्याचं जास्त, हे उघड होतं.

नाशिकमध्ये मी होम थिएटर बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम करतो. गंगापूर रोडवरच्या या घरात पूर्वी कधी गेलो नव्हतो. काका वीज मंडळातून निवृत्त झालेले, सगळं व्यवस्थित नोंदवून ठेवणारे. त्यांच्याकडे जुना पण उत्तम रिसीव्हर, म्हणजे आवाज सोडवून प्रत्येक स्पीकरला त्याचा वाटा पुरवणारं यंत्र, होता. चित्र-आवाज एकत्र नेणारं एचडीएमआय नाही, आवाजासाठी फक्त ऑप्टिकल आणि कोअ‍ॅक्सियल केबलचे इनपुट. पाच स्पीकर आणि खालच्या सुरांसाठी एक सबवूफर. टीव्ही नवा. डीव्हीडी प्लेअर डिस्क वाचताना अडखळायला लागला म्हणून त्यांनी दोनेकशे डीव्हीडी संगणकावर उतरवून हार्ड डिस्कवर घेतल्या होत्या. ती हार्ड डिस्क टीव्हीला, आणि टीव्हीतून ऑप्टिकल केबल रिसीव्हरला.

आधी येऊन गेलेल्या माणसाने रिसीव्हर बदलायला सांगितलं होतं. काका तयार झाले नाहीत, तेव्हा त्याने रिसीव्हर 'मल्टी चॅनल स्टीरिओ'वर ठेवला आणि निघून गेला. या मोडमध्ये दोन चॅनलचा, म्हणजे फक्त डावा-उजवा, आवाज पाचही स्पीकरमधून एकसारखा सोडला जातो. मागचे स्पीकर वाजायला लागले, काका खूश झाले. काकू मात्र नव्हत्या. त्या म्हणाल्या, "सगळीकडून आवाज येतो, पण शब्दच कळत नाहीत." त्यांचं बोलणं शब्दशः खरं होतं. समोरून आणि पाठीमागून तेच वाक्य किंचित वेळाच्या फरकाने कानावर आलं की व्यंजनं पुसट होतात. असा मोड लावून पैसे घेणं मला पटत नाही. ग्राहकाला तक्रार मिटल्यासारखी वाटते, आणि दोष मात्र होता तिथेच राहतो.

सुरुवात नेहमीसारखी केली. रिसीव्हरचा टेस्ट टोन लावला. खरखर डावीकडून निघून मध्यभागी, उजवीकडे आणि मग मागे अशी क्रमाने फिरली. म्हणजे स्पीकर आणि जोडण्या ठीक. मग प्लेअर कसाबसा चालू करून एक मूळ डीव्हीडी लावली. डिस्प्लेवर 'डॉल्बी डिजिटल' आलं, सहाही चॅनलचे, म्हणजे पाच स्पीकर आणि सबवूफरचे, चौकोन उजळले. त्याच सिनेमाची फाइल टीव्हीवरून लावली तर 'पीसीएम', म्हणजे न दाबलेला आवाज, आणि फक्त दोन चौकोन. दुसऱ्या एका सिनेमाची फाइल लावली, तर पुन्हा डॉल्बी, पुन्हा सहा. तिसऱ्याला आवाजच नाही. हा ऑडिओ चालत नाही, असा टीव्हीचा संदेश. केबल तीच असताना तीन फाइलींचे तीन निकाल. रिसीव्हर बदलण्याचा प्रश्न तिथेच संपला.

मग फाइलीच्या आत काय आहे ते दाखवणाऱ्या मीडियाइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये एकेक फाइल उघडली. दोन चौकोनवाल्या फाइलीत आवाज एएसी या दाबलेल्या प्रकारातला होता, पण चॅनल सहा. काकांनी विचारलं, "मग सहा का नाही वाजत?" त्यांना मी आकडे लिहून दाखवले, कारण त्यांना आकडे आवडतात. ऑप्टिकलची ही पद्धत मुळात दोन चॅनलच्या उघड्या, म्हणजे न दाबलेल्या, आवाजासाठी बनली. सेकंदाला 48000 नमुने, प्रत्येक 16 बिटांचा, दोन चॅनल : साधारण 1536 किलोबिट. सहा चॅनल तसेच उघडे पाठवायचे तर 4608 लागतील. ते मावत नाहीत. डॉल्बी डिजिटल मात्र सहा चॅनल दाबून डीव्हीडीवर जास्तीत जास्त 448 किलोबिटांत बसवतं, आणि ती पुडी न सोडता तशीच रिसीव्हरकडे जाते. एएसीच्या बाबतीत टीव्ही पुडी स्वतः सोडत होता आणि सहाचे दोन करून पुढे ढकलत होता. रिसीव्हर बिचारा मिळालेल्या दोनाचे पाच करत होता.

या फाइली एएसीत गेल्या त्या रूपांतराच्या वेळी. काही फाइलींत तर सॉफ्टवेअरच्या तयार सेटिंगने थेट दोन चॅनलच ठेवले होते. तिथे मागचा आवाज कोणत्याही यंत्राने परत आणता येत नाही. तो फाइलीत नाहीच.

मी विचारलं, "काका, डिस्का कुठे आहेत?"

जिन्याखाली दोन पोत्यांत भरून ठेवल्या होत्या. रद्दीवाला रविवारी येणार होता.

ती दोन्ही पोती मी आधी वर आणायला लावली. हार्ड डिस्कवर कॉपी झाली की मूळ डिस्क टाकून द्यायची, ही सवय मी पुष्कळ घरांत पाहतो आणि दर वेळी जीव तुटतो. चित्र ठीक दिसलं की माणूस कॉपी झाली असं मानतो. आवाजाच्या खोलीत कोणी डोकावत नाही.

आवाज न येणारी फाइल डीटीएसची, म्हणजे डॉल्बीसारख्याच दुसऱ्या एका आवाज-प्रकाराची होती. रिसीव्हरला डीटीएस येत होतं, टीव्हीला नाही. अलीकडच्या बऱ्याच टीव्हींतून ते गळालं आहे. काकांना वाटलं, आता नवं काहीतरी घ्यावं लागणार. पण डीव्हीडीच्या नियमांत डीटीएस ऐच्छिक आहे, एकट्या डीटीएसवर डिस्क काढता येत नाही. दुसरा, सक्तीच्या प्रकारातला ट्रॅक सोबत असावाच लागतो, आणि तो बहुधा डॉल्बीचा असतो. पोत्यातून ती डिस्क शोधली, डॉल्बी ट्रॅक होता. उतरवताना फक्त डीटीएस निवडला गेला होता.

आता तो मूळ तक्रारीतला सिनेमा, एक इंग्रजी युद्धपट. मीडियाइन्फो म्हणत होतं : डॉल्बी डिजिटल, सहा चॅनल. कागदावर सगळं चोख. लावला, तर संवाद खरोखर उजव्या स्पीकरमधून, आणि तोफ उडाली की मागचा उजवा छोटा स्पीकर थडथडायचा. काका हा सिनेमा बघताना चक्क रिसीव्हरच्या मागे जाऊन मधली आणि उजवी वायर बदलायचे, आणि संपला की परत लावायचे. वायर बदलल्यावर संवाद जागेवर यायचे, पण थडथड तशीच. ती थडथड ऐकून मला सर्वात जास्त काळजी वाटली, कारण त्या स्पीकरचा शंकू इतक्या खालच्या सुरांसाठी नसतो.

आवाज ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला. सहा पट्ट्या एकाखाली एक आल्या. इथे क्रम असतो डावा, उजवा, मधला, सबवूफर, मागचा डावा, मागचा उजवा. चौथ्या पट्टीत फक्त तोफांच्या वेळी जाड, संथ लाटा दिसायला हव्यात. त्या सहाव्या पट्टीत होत्या. दुसरी पट्टी एकटी लावली : निखळ संवाद. तिसरीत उजवीकडचं संगीत. मग उलगडा झाला. डॉल्बी डिजिटलच्या आतला क्रम वेगळा असतो : डावा, मधला, उजवा, मागचे दोन, शेवटी सबवूफर. कोणीतरी सहा चॅनल त्या क्रमाने वेगळे काढून दुसऱ्या क्रमाने परत जोडले होते. काकांना आठवलं, ओठ आणि शब्द जुळत नव्हते म्हणून पुतण्याने 'आवाज सुटा करून' दुरुस्त केला होता. सबवूफरला तेव्हापासून मागच्या डाव्या स्पीकरचा आवाज मिळत होता, आणि वरचे सूर तो वाजवत नसल्यामुळे ते कोणाला ऐकूच आले नव्हते.

पट्ट्या जागेवर लावून आवाज पुन्हा डॉल्बीत बांधता आला असता, पण डिस्क हाताशी असताना दाबलेला आवाज परत का दाबायचा? डिस्कवरून नव्याने उतरवला, या वेळी ऑडिओ रूपांतर न करता जसाच्या तसा. रिसीव्हरवरचा मल्टी चॅनल मोड काढला. सिनेमा लावल्यावर काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि उभ्यानेच म्हणाल्या, "आता कळतंय."

काही डिस्का बुरशीने गेल्या होत्या, वाचल्या जाईनात. त्यांच्या सहा चॅनलवाल्या एएसी फाइलींना चित्र न हलवता 640 किलोबिटांचा डॉल्बी आवाज करून दिला. हे दुय्यमच, पण टीव्ही सहाचे दोन करण्यापेक्षा कितीतरी बरं. उरलेल्या डिस्का काका स्वतः उतरवणार होते. कोणता ट्रॅक निवडायचा ते वहीत लिहून दिलं, आणि दोन चॅनलच्या सिनेमांसाठी रिसीव्हर प्रो लॉजिकवर, म्हणजे दोन चॅनलच्या आवाजातून मधला आणि मागचा आवाज वेगळा काढणाऱ्या मोडवर, ठेवला.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. जुना कृष्णधवल मराठी सिनेमा लावला, तर फक्त मधला स्पीकर वाजतो, डावा-उजवा बंद पडले, हे काय? मी सांगितलं, तो सिनेमाच मोनो, म्हणजे एकाच चॅनलचा आहे. डाव्या-उजव्यात एकच आवाज असला की प्रो लॉजिक तो सगळा मध्यभागी पाठवतं. त्याला हात लावू नका, तसाच ऐका.