महाडीबीटीची स्कॉलरशिप: एमएच्या पहिल्या वर्षाचा माझा अनुभव

बीए झाल्यावर एक वर्ष कामाला होते, मग पुण्यात एमएला ॲडमिशन घेतलं. वडील शेतमजूर, आई पण रोजाने जाते, त्यामुळे भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक (दहावीनंतरच्या शिक्षणासाठीची) शिष्यवृत्ती, जिचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर भरतात, ती मिळाली तरच पुढचं शिक्षण हे घरात आधीच ठरलेलं. एससी प्रवर्गासाठी घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखाच्या आत लागतं, तो प्रश्न आमचा नव्हताच. प्रश्न होता कागदांचा आणि त्याहून जास्त बँकेचा.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आधी तलाठ्याकडे, मग सेतू केंद्रात अर्ज, मग तहसीलदारांची सही. गावी जाऊन हे करावं लागतं म्हणून सांगते, एप्रिल उलटला की लगेच नवीन दाखला काढून ठेवा, ॲडमिशनच्या गर्दीत सेतूत उभं राहायला जागा नसते. मधलं एक वर्ष रिकामं दिसतं त्यामुळे मला गॅपचं ॲफिडेव्हिट पण लागलं. जातीचा दाखला, डोमिसाईल, रेशनकार्ड, मार्कशीट हे होतंच, स्कॅन करून अपलोड केलं, त्यात काही अवघड नाही.

खरं अडलं ते आधार सीडिंगला, म्हणजे सरकारी पैसे कोणत्या बँकेत जायचे ते आधारला जोडण्याला. बँकेत विचारलं तर सांगितलं आधार लिंक आहे, पासबुक चालू आहे, काही काळजी करू नका. पण खात्याला आधार लिंक असणं वेगळं आणि एनपीसीआय (बँकांमधल्या पैशांच्या देवाणघेवाणीची यंत्रणा चालवणारी संस्था) च्या मॅपरमध्ये, म्हणजे कोणत्या आधारला कोणती बँक त्या यादीत, ते खातं असणं वेगळं, हे तिथे कुणीच सांगितलं नाही. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे खाते नंबर बघून येत नाहीत, आधारवर येतात, आणि एका आधारला एका वेळी एकच बँक मॅप असते. माय आधारच्या साईटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघितलं तर तिथे शाळेत असताना काढलेल्या, कित्येक वर्षं बंद पडलेल्या खात्याची बँक दिसत होती!! म्हणजे पैसे सुटले असते तरी परत गेले असते. मग चालू खात्याच्या शाखेत जाऊन सीडिंगचा वेगळा फॉर्म भरला, जुन्या बँकेचं नाव लिहून दिलं, आणि साईटवर नवीन बँकेचं नाव दिसेपर्यंत पाठपुरावा केला. फॉर्म भरायच्या आधी प्रत्येकाने हे बघा, बघायला पाच मिनिटं पण लागत नाहीत.

त्यानंतर अर्ज कॉलेजच्या लॉगिनला अडकून पडला. स्टेटस तेच, अंडर स्क्रुटिनी, म्हणजे तपासणी चालू. ऑफिसमध्ये गेलं की मॅडम म्हणायच्या वरून यायचंय, आणि पोर्टलवर तर स्पष्ट दिसत होतं की अर्ज संस्थेकडेच आहे, समाजकल्याणकडे गेलेलाच नाही. शेवटी स्टेटसची प्रिंट जोडून प्राचार्यांना लेखी अर्ज दिला, त्याच्या कॉपीवर पोच घेतली, मग हललं. तोंडी विचारण्यात अर्थ नाही, लेखीच द्या. आणि ॲडमिशनच्या वेळी आधी पूर्ण फी भरा, स्कॉलरशिप आली की परत देऊ असं सांगतात ना, त्याचा मला फार राग येतो, कारण पात्र मुलांकडून ती फी आधी घेऊ नये अशा शासनाच्या सूचना आहेत आणि ज्याच्याकडे पैसेच नाहीत तो पोरगा तिथूनच घरी जातो. अशी मुलं मी बघितलीत.

पैसे एकदम येत नाहीत. राज्याचा ४० टक्के आणि केंद्राचा ६० टक्के असा हिस्सा आहे, २०२१-२२ पासून केंद्राचा हिस्सा थेट आपल्या खात्यात येतो आणि त्यातली फी आपण कॉलेजला भरायची असते, म्हणून आलेला पैसा घरखर्चात जाऊ देऊ नका. निर्वाह भत्ता एमएसारख्या कोर्सला वर्षाला हॉस्टेलवर राहणाऱ्याला ६,००० आणि घरून येणाऱ्याला ३,००० आहे. पुण्यात तेवढ्यात काय होतं ते सगळ्यांना माहितीये.

म्हणून सरकारी हॉस्टेलला नंबर लागला नसेल तर राज्य सरकारच्या स्वाधार योजनेचा अर्ज कराच, ती अशाच मुलांसाठी आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत त्यात जेवण, राहणं आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० पर्यंत मिळतात, माझी मेस आणि रूम त्यावरच चालू आहे. तो अर्ज वेगळा करावा लागतो, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला म्हणजे हा पण झाला असं नाही. आणि दुसऱ्या वर्षाला शिष्यवृत्तीचं रिन्यूअल स्वतः भरायचं असतं, आपोआप पुढे जात नाही, निकाल लागला की लगेच मार्कशीट घेऊन बसा.