एका शेतातलं तीन घरांचं नुकसान

निफाडच्या गोदाकाठाला येणारा पूर बहुतेक वेळा निफाडच्या पावसाचा नसतो. पाऊस कोसळतो त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरात. गंगापूर आणि दारणा धरणांतून पाणी सोडावं लागतं, दारणासांगवीला दारणा गोदावरीला मिळते आणि पुढे नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यामागे सगळं तुंबतं. बंधारा इंग्रजांच्या काळातला, त्यामागे वर्षानुवर्षांचा गाळ. सायखेड्याच्या पुलाला पानवेली अडकल्या की फुगवटा आणखी वाढतो. ४ ऑगस्ट २०१९ ला हे सगळं एकदमच झालं. बंधाऱ्यातून दोन लाख क्युसेकच्या वर पाणी जात होतं आणि चांदोरी-सायखेडा पाण्यात होते.

मी तेव्हा तिथे कृषी सहायक होते. पाणी ओसरल्यावर तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक आणि मी पंचनाम्याला निघालो.

पहिल्याच मळ्यात सोयाबीन काळं पडून चिखलाला चिकटलं होतं, ऊस आडवा झाला होता. पण मळ्याचे मालक आबा आम्हाला आधी कांदाचाळीकडे घेऊन गेले. उन्हाळ कांदा खालून भिजला होता, वास सुटला होता. हा कांदा लोक एप्रिलपासून राखून ठेवतात, भाव चढला की लासलगावला नेतात आणि त्याच पैशावर द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी उभी राहते: मजुरी, औषधं, सगळं. म्हणजे ऑगस्टमध्ये चाळ भिजली की फेब्रुवारीतली द्राक्षंही अडचणीत येतात. पण आमचा तक्ता उभ्या पिकाचा. काढून ठेवलेला माल त्यात बसत नव्हता. आबांना ते सांगणं मला फार जड गेलं.

पुढचं शेत टोमॅटोचं. मालक नाशिकला नोकरीला, शेत निम्म्या वाट्याने दिलेलं. वाटेकरी पानवेलीखालून तार ओढून काढत होता.

“मॅडम, रोपं माझी, बांबू माझे, खत-औषधाची उधारी माझ्या नावावर. मालकाची फक्त जमीन.”

भाऊसाहेब म्हणाले, “दादा, उताऱ्यावर ज्याचं नाव, पंचनामा त्याचाच.”

भाऊसाहेब वाईट माणूस नव्हते, नियमच तसा होता. ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान असेल तर मदत. आपत्ती निधीच्या त्या वेळच्या निकषात बागायतीला हेक्टरी १३,५०० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. टोमॅटोच्या बांबू-तारेलाच त्याहून कितीतरी जास्त खर्च येतो. आणि ती रक्कमही खातेदाराच्या खात्यात जाणार.

आमचं बोलणं बांधावरची एक बाई ऐकत होती. शेजारच्या द्राक्षबागेच्या कडेला तिचं झोपडं होतं, त्याचे नुसते खांब उरले होते. गावाकडची भाताची आवणी उरकून नवरा-मुलांसह ती सुरगाण्याहून खाली कामाला आली होती.

“ताई, आमचं पण लिहा ना.”

“काय काय गेलं?”

“नागली गेली, गोधड्या, भांडी. कोंबड्या पण.”

ग्रामसेवकांनी रेशनकार्ड विचारलं. ते सुरगाण्याचं. घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात राहिलं तर कपडे-भांड्यांसाठी मदत मिळायची, पण त्यासाठी ते घर गावाच्या नोंदीत हवं. तिचं नाव सुरगाण्यात, तिथे पूर नाही. पूर चांदोरीत, तिथे तिचं नाव नाही. २०११ च्या जनगणनेत निफाडची लोकसंख्या पाच लाखांच्या घरात आहे. पण पाणी येतं त्या रात्री नदीकाठच्या झोपड्यांत किती माणसं झोपलेली असतात, ते त्या आकड्यावरून कळत नाही. या तालुक्यातल्या द्राक्षाची छाटणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), खुडणी सुरगाणा-पेठच्या हातांवर चालते. तिचं सगळ्यात मोठं नुकसान तर तिने सांगितलंही नाही: त्या शिवारात पुढे कित्येक दिवस मजुरीच मिळणार नव्हती.

मी शेऱ्याच्या रकान्यात दोघांचंही लिहिलं. वाटेकऱ्याचा जबाब, झोपड्याचं आणि सामानाचं नुकसान. भाऊसाहेब थोडा वेळ गप्प बसले, मग त्यांनी सही केली.

त्या शेऱ्यावर पैसे आले नाहीत. टोमॅटोच्या मालकाने मात्र खात्यात आलेली सगळी रक्कम वाटेकऱ्याला दिली. दोन शेतं पलीकडच्या मालकाने आपल्या वाटेकऱ्याला काहीच दिलं नाही. सुरगाण्याच्या कुटुंबाला गावातल्या पोरांनी धान्य आणि चादरी दिल्या, मग ते पिंपळगावकडे टोमॅटो तोडायला गेले.

पुढच्या पावसाळ्याआधी वाटेकऱ्यांची आणि नदीकाठच्या झोपड्यांची यादी ग्रामसभेने करावी, असं मी लेखी दिलं. वाटेकऱ्यांच्या यादीला जमीनवाल्यांनी ठाम विरोध केला. नाव कागदावर आलं की उद्या कूळ लागेल, म्हणजे वाटेकरी जमिनीवर हक्क सांगेल, ही भीती. ती आजही तितकीच आहे, म्हणून वाट्याचा व्यवहार अजून तोंडीच चालतो. झोपड्यांची यादी मात्र झाली. विसर्ग वाढला की कोतवाल आता ती घेऊन आधी मळ्यांकडे जातो.