केरळहून येणारी पोच

६ फेब्रुवारी २०१९ रोजी आम्ही दोघांनी विशेष विवाह कायद्याखाली लग्नाची नोटीस दिली आणि ३ मे रोजी आमचे लग्न लागले. नोटिशीवरच्या आक्षेपांसाठी कायद्याने मागितलेले दिवस तीस होते, आम्हाला लागले शहाऐंशी. उरलेल्या छप्पन्न दिवसांचा हिशेब मी अनेकदा मांडून पाहिला, तो मला आजही पटत नाही, आणि हा अनुभव लिहायला बसण्याचे कारण तेच आहे.

मी बालाघाटाच्या पठारावरील एका गावची. दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, शेती सोयाबीन आणि तुरीची, आई गळ्यात माळ घातलेली वारकरी. माझा नवरा मध्य केरळमधल्या एका डोंगराळ गावातील ख्रिस्ती कुटुंबातला आहे. घराभोवती रबराची आणि जायफळाची झाडे आहेत. अखिल भारतीय कोट्यातून तो परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी आला आणि तिथे आमची ओळख झाली. पुढे मला इथल्या राज्य शासनाच्या कृषी विभागात नोकरी लागली, तो मसाल्यांच्या व्यापारातील एका कंपनीत कोचीला रुजू झाला. दोघांनीही धर्म बदलायचा नाही हे ठरलेले होते, त्यामुळे १९५४ च्या या कायद्याखेरीज दुसरा मार्ग आम्ही शोधलाच नाही. दोन्ही घरांची संमती मिळवायला दोन वर्षे गेली, पण त्या दोन वर्षांबद्दल माझी तक्रार नाही.

वयाचे दाखले, रहिवासी पुरावे, छायाचित्रे आणि अर्ज यांत एक दिवस गेला. दोघांपैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग तीस दिवस वास्तव्य केलेले असावे लागते, आणि मी तर तिथलीच होते. नोटीस त्याच दिवशी विवाह नोंदणी कार्यालयाच्या फलकावर लागली. आठवडाभरात एका चुलत्यांनी ती वाचली आणि कार्यालयात जाऊन विचारपूसही केली. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्यांना स्वच्छ शब्दांत सांगितले की आक्षेप फक्त कलम ४ मधील अटींवर घेता येतो, म्हणजे आधीचे लग्न, मानसिक अक्षमता, वय आणि निषिद्ध नाते यांवर; जातीवर किंवा धर्मावर घेता येत नाही. त्याबद्दल मी त्या अधिकाऱ्यांची आजही ऋणी आहे. पुढची अडवणूकही त्यांच्याच कार्यालयात झाली, म्हणून त्या कार्यालयाचे नाव मी लिहीत नाही.

आक्षेपांचे तीस दिवस ८ मार्चला संपले. १० मार्चला लोकसभा निवडणूक जाहीर झाली आणि ११ मार्चला मी रजा टाकून, लग्नाची तारीख ठरवायची म्हणून कार्यालयात गेले. लिपिकाने फाईल उघडली, चाळली आणि म्हणाला, "मॅडम, तिकडची पोच आलेली नाही. पोच आल्याशिवाय साहेब तारीख देणार नाहीत."

वर किंवा वधू दुसऱ्या जिल्ह्यातील कायमचे रहिवासी असतील, तर नोटिशीची एक प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे पाठवावी लागते आणि त्याने ती आपल्या फलकावर लावायची असते. हे मला ठाऊक होते. ती प्रत पहिल्या दिवशीच गेली असेल असे मी धरून चालले होते. माझी चूक झाली असेल तर ती एवढीच. मी जावक नोंदवही दाखवण्याची विनंती केली. नोंद २१ फेब्रुवारीची होती. नोटीस दिल्यानंतर पंधरा दिवस ते पत्र टेबलावरच पडून होते आणि नंतर ते साध्या टपालाने गेले होते, त्यामुळे ते पोहोचले की नाही हे सांगणारा कोणताही कागद कोणाकडेच नव्हता.

त्या रात्री मी कायद्याचे मूळ कलम ६ चार वेळा वाचले. प्रत पाठवावी असे त्यात आहे, ती लावावी असे आहे. तिकडून उत्तर येईपर्यंत लग्न थांबवावे असे कुठेही नाही. दुसऱ्या दिवशी ते कलम घेऊन मी अधिकाऱ्यांसमोर बसले. त्यांनी ते शांतपणे वाचले आणि म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, पण पद्धत अशी आहे. उद्या तिकडून आक्षेप निघाला तर मला कोण विचारेल?" त्यांची भीती मला समजली. परंतु त्या भीतीची किंमत अर्जदाराने का मोजावी, याचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. माझ्यासोबत आलेले दादा इतका वेळ दाराशी उभे होते, ते पुढे आले आणि एवढेच बोलले, "कागद धाडायला तुम्ही पंधरा दिवस लावले, अन् खोळंबा माझ्या लेकीचा का?" मुलीच्या लग्नाला मनापासून होकार द्यायला ज्यांना दोन वर्षे लागली, ते त्या दिवशी माझ्या बाजूने बोलले. त्या छप्पन्न दिवसांतले मला परत मिळालेले एवढेच आहे.

इथे एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती, ती आता सांगते. कलम १४ प्रमाणे नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांत लग्न लागले नाही, तर ती नोटीस रद्द होते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. आमची मुदत ६ मे रोजी संपत होती. नोटीस देता त्याच दिवशी ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा; मी ती मार्चमध्ये लिहिली.

केरळमध्ये चौकशी करायला माझा नवरा कोचीहून दर वेळी रजा काढून जाऊ शकत नव्हता, म्हणून त्याची आई, माझी अम्मच्ची, गेली. पहाटे रबराचा चीक काढण्याचे काम आटोपून ती बसने तालुक्याच्या गावी जाई. दोन वेळा तिला असे कोणतेही पत्र आलेले नाही असे सांगून परत पाठवण्यात आले. तिसऱ्या वेळी ती उठलीच नाही. तिने बाकावर बसून राहून आलेल्या टपालाचा गठ्ठा स्वतःसमोर चाळायला लावला आणि त्यात तिला मुलाचे छायाचित्र दिसले. नोटिशीवर आमच्या दोघांची छायाचित्रे होती. पत्र आले होते, परंतु सोबतचे पत्र आणि नोटीस दोन्ही मराठीत होती, तिथे ती कोणालाच वाचता आली नव्हती आणि म्हणून तो कागद न कळणाऱ्या कागदांत ठेवून दिला गेला होता. तिने छायाचित्रावर बोट ठेवून विचारले की हा कागद तुमच्या फलकावर लावायचा आहे, तो इथे का आहे. तिला मराठीचे अक्षर येत नाही, हिंदी येत नाही, इंग्रजी येत नाही. ज्या मुलीशी तिने तोवर फोनवर दहा वाक्येही नीट बोललेली नव्हती, त्या मुलीसाठी ती हे करत होती.

तिकडच्या कार्यालयाने इंग्रजी पत्राशिवाय काही करण्यास नकार दिला, आणि त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते. मी रात्री बसून सोबतच्या पत्राचे आणि नोटिशीचे इंग्रजी भाषांतर केले, सकाळी ते टंकित करून नेले, अधिकाऱ्यांनी वाचून सही व शिक्का दिला, आणि या वेळी मी स्वतः उभी राहून ते पोचपावतीसह नोंदणीकृत टपालाने रवाना करून घेतले. तो दिवस २२ मार्च. ज्यांच्या लग्नातला एक पक्ष दुसऱ्या राज्यातला आहे, त्यांनी पहिल्या दिवशीच एवढे करावे: पत्र इंग्रजीत जाते आहे ना ते पाहावे, जावक क्रमांक लिहून घ्यावा आणि टपालाची पावती पाहिल्याशिवाय कार्यालय सोडू नये.

२८ मार्चला नोटीस केरळमधल्या फलकावर लागली. आता ते कार्यालय म्हणाले की तीस दिवस पूर्ण झाल्याशिवाय आम्ही उत्तर देणार नाही, म्हणजे २७ एप्रिल, आणि तो शनिवार. दरम्यान आमच्याकडे १८ एप्रिलला मतदान, केरळमध्ये २३ एप्रिलला. दोन्हीकडचे अर्धे कर्मचारी निवडणुकीच्या कामावर. टपालाने पोच आली असती तर ती ६ मेच्या आत मिळण्याची खात्री कोणीही देत नव्हते. मी दोन्ही कार्यालयांना लेखी विनंती केली की उत्तर बंद लिफाफ्यात अर्जदाराच्या हाती द्यावे. तोंडी विनंतीला दोघांनीही नकार दिला होता. लेखी अर्जावर दोघांनीही होकार दिला.

सोमवारी, २९ एप्रिलला, लाखेचे सील केलेला लिफाफा माझ्या नवऱ्याच्या हाती पडला. तो अम्मच्चीला सोबत घेऊन निघाला. केरळहून सोलापूरकडे येणारी गाडी एक रात्र, एक दिवस आणि वर थोडे घेते. ते पोहोचले तेव्हा १ मे, महाराष्ट्र दिनाची सुटी. २ मे रोजी लिफाफा उघडला, आत दोन ओळींचे पत्र होते: नोटीस लावली, आक्षेप नाही.

३ मे रोजी दुपारी लग्न लागले. कायद्याला तीन साक्षीदार लागतात. दादा, माझी परभणीची मैत्रीण आणि तिसरी अम्मच्ची. तिने मल्याळम लिपीत सही केली आणि लिपिकाने ती कुठल्याही प्रश्नाविना स्वीकारली. एकमेकांचा कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकार करण्याचे वाक्य दोघांनाही समजणाऱ्या कोणत्याही भाषेत म्हणता येते; आम्ही ते मराठीत म्हटले, आणि मग मी पाठ केलेले मल्याळम वाक्य अम्मच्चीकडे पाहून म्हटले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा तीन महिन्यांत पहिल्यांदा मी रडले.

त्यानंतर वेगवेगळ्या राज्यांत राहणे सुरू झाले. राज्य शासनाच्या नोकरीत दुसऱ्या राज्यात बदली होत नाही, त्यामुळे अंतर कमी करण्याचा मार्ग त्याच्याच बाजूने निघणार होता. पहिली दोन वर्षे आम्ही रेल्वेच्या आरक्षणावर संसार केला. तेव्हा तिकीट १२० दिवस आधी काढता येई, १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आली आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि गाड्याच बंद झाल्या, तेव्हा रोज रात्री नऊ वाजता फोन, आणि त्या फोनवर पैशाचा विषय काढायचा नाही, हा नियम आम्ही केला. तो अजून पाळतो. पैशाचे बोलणे रविवारी सकाळी.

मार्ग अखेर हळदीने काढला. त्याच्या कंपनीला हळद लागते आणि हिंगोली, वसमतचा हळदीचा बाजार मोठा आहे. हंगामात इथे राहून खरेदी पाहण्याची जबाबदारी त्याने मागून घेतली, आणि २०२१ पासून तो वर्षातले चार-पाच महिने मराठवाड्यात असतो. कमी पगारवाढ त्याने यासाठी स्वीकारली. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण तडजोड नेहमी सुनेनेच केली असे आमच्या गावात धरले जाते.

घरातल्या तडजोडी लहान आहेत पण रोजच्या आहेत. आईच्या स्वयंपाकघरात करडईचे तेल, त्याच्या घरी खोबरेल. तिकडे मी तीनही वेळा भात खाते, इथे तो ज्वारीची भाकरी आणि कारळाची चटणी खातो. आईच्या माळेमुळे मासळी घरात शिजत नाही. त्यासाठी अंगणात वेगळी चूल, वेगळी भांडी, आणि एकादशीला ती चूल पेटत नाही. ही व्यवस्था त्यानेच सुचवली, त्यामुळे आईला नाही म्हणावे लागले नाही. माझ्या मते हाच सगळ्यांत उपयोगी भाग आहे: ज्याची सवय दुसऱ्याला अडचणीची, त्यानेच आधी बोलावे.

सणांचा पेच २०१९ मध्येच आला होता. नाताळ आणि येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येचा आमच्याकडचा शेतातला सण, एकाच आठवड्यात होते. येळवशीला आमच्याकडे अख्खे गाव शेतात असते, लेकीसुनांनी न येणे चालत नाही. लग्नानंतरचे पहिले वर्ष म्हणून मी केरळला गेले आणि आई महिनाभर नीट बोलली नाही. २०२२ मध्ये दोन्ही सण पुन्हा एका आठवड्यात आले, तेव्हा अम्मच्ची आणि अप्पच्चन, म्हणजे माझे सासरे, इकडे आले. कडब्याच्या कोपीत बसून तिने आंबील प्यायली, भज्जी दोनदा मागून घेतली, आणि आईने तिला आपल्या हाताने बाजरीचा उंडा वाढला. दोघींना एकमेकींचा शब्दही कळत नव्हता. २३ डिसेंबरला येळवस झाली आणि २४ च्या रात्री आईने ओट्यावर कागदाचा तारा स्वतः टांगला.

आणखी दोन गोष्टी राहिल्या. या कायद्याखाली परधर्मीयाशी लग्न केले तर मुलगी एकत्र कुटुंबातून कायद्याने वेगळी होते, पण वडिलोपार्जित जमिनीतला तिचा हक्क जात नाही. आमच्या चुलत्यांना हे वकिलाकडून लिहून आणून दाखवावे लागले. आणि विवाह प्रमाणपत्राच्या प्रमाणित प्रती पहिल्याच दिवशी चार-पाच घ्या. माझ्या सेवापुस्तकाला एक लागली, त्याच्या कंपनीला एक, बँकेला एक, आणि एक अम्मच्चीने मागून घेतली. ती तिने फुटलेल्या लाखेच्या त्या लिफाफ्यात घालून देव्हाऱ्यातल्या बायबलमागे ठेवली आहे.