सॉल्ट लेक सिटीची शेजारीण

अमेरिकेत, सॉल्ट लेक सिटीला धाकट्या बहिणीच्या घरी पोचून दोन दिवसही झाले नव्हते, तोच शेजारीणबाई दारात उभ्या. बाई मॉर्मन, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाच्या. हातात घरी भाजलेला पाव, अजून गरम. दहा मिनिटं बसल्या, मुलांची चौकशी केली आणि जाताना म्हणाल्या, "रविवारी आमच्या चर्चमध्ये याल का? यायलाच हवं असं नाही, पण आलात तर मला फार आनंद होईल."

मी बहिणीकडे पाहिलं. ती हसून म्हणाली, "ताई, इथे सगळे विचारतात."

खरं सांगते, मला ते रुचलं नाही. धर्म ही घरातली गोष्ट, शेजाऱ्याला त्यात कशाला ओढायचं, असं मानत मी वाढले. तरीही बाईंच्या विचारण्यातली ऊब मनात राहिली.

शनिवारी आम्ही टेम्पल स्क्वेअरला, म्हणजे मॉर्मनांच्या मोठ्या मंदिराच्या आवारात गेलो. मंदिराचं नूतनीकरण चाललं होतं, चहूकडे क्रेन आणि परांच्या. हे मंदिर बांधायला 1853 ते 1893 अशी चाळीस वर्षं लागली. लिटल कॉटनवुड खोऱ्यातला दगड सुरुवातीला बैलगाड्यांतून आणला, अंतर बत्तीसेक किलोमीटर. शेजारच्या टॅबरनॅकल नावाच्या सभागृहात टाचणी टाकून दाखवतात. तिचा आवाज पार शेवटच्या बाकापर्यंत येतो. पण मला सगळ्यात जास्त भिडली ती गाईडचं काम करणाऱ्या तरुण मुलीने सांगितलेली गोष्ट.

1830 साली न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा गावी मॉर्मन ग्रंथ, म्हणजे या पंथाचा धर्मग्रंथ, छापून झाला आणि त्याच वर्षी त्यांच्या चर्चची स्थापना झाली. संस्थापक जोसेफ स्मिथचा धाकटा भाऊ सॅम्युअल, वय बावीस, पाठीवर पुस्तकं घेऊन पायी निघाला. दारोदार नकार. निराश होऊन घरी परतला. त्याने दिलेली एक प्रत मात्र फिनियस यंग नावाच्या माणसाकडे राहिली आणि त्याच्या घरात या हातून त्या हाती गेली. त्याच्या भावाने, ब्रिगहॅमने, जवळजवळ दोन वर्षं विचार करून 1832 मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे 1844 मध्ये इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ स्मिथला ठार मारलं. तेव्हा याच ब्रिगहॅम यंगने आपल्या हाकलल्या गेलेल्या माणसांना पुढे नेलं आणि 24 जुलै 1847 रोजी तो या खोऱ्यात पोचला. ही सगळी वस्ती त्या एका प्रतीच्या वाटेने आली, हे मनात आलं आणि मी बराच वेळ बाकावरून उठलेच नाही.

रविवारी मी गेले. सप्टेंबरचा पहिला रविवार होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी ही मंडळी दोन वेळचं जेवण सोडतात, पाणीही घेत नाहीत आणि त्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी देतात. त्यांची वस्तीवार मंडळी म्हणजे 'वॉर्ड'. तिथे पगारी पुजारी नसतो. बारा-तेरा वर्षांची मुलं उपासनेतल्या विधीचे पावाचे तुकडे आणि पाण्याचे इवले पेले घेऊन रांगांमधून फिरत होती. मग एकेक जण उठून आपला अनुभव सांगू लागला. एक शेतकरी बोलता बोलता थांबला, डोळे पुसले आणि तसाच खाली बसला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी घाईही केली नाही.

संध्याकाळी उपवास सुटल्यावर मी बाईंना सरळच विचारलं, "तुम्ही मित्रांना हे का सांगता?"

त्यांनी मॉर्मन ग्रंथातल्या लेही नावाच्या संदेष्ट्याचं स्वप्न सांगितलं. लेहीला एक झाड दिसतं. त्याचं पांढरंशुभ्र फळ चाखताच त्याचं मन आनंदाने भरून जातं आणि पहिली इच्छा होते ती बायकामुलांनीही ते खावं अशी. बायको येते, दोन मुलगे येतात. थोरले दोघे येत नाहीत. बाप त्यांना कळवळून समजावत राहतो.

"आम्ही मानतो की कुटुंब मृत्यूनंतरही एकत्र राहू शकतं," बाई म्हणाल्या. "हे मला खरं वाटत असताना तुमच्यापासून लपवलं, तर मी कसली मैत्रीण?"

मला आमच्या घरची सत्यनारायणाची पूजा आठवली. आई शिऱ्याच्या वाट्या भरून आम्हाला सगळ्या वाड्यात धाडायची. प्रसाद एकट्याने खायचा नसतो, म्हणायची.

तरी माझा प्रश्न उरलाच होता. बहिणीच्या आधीच्या घराशेजारची एक बाई अशीच प्रेमाने यायची. बहिणीने चर्चला नको म्हटलं आणि त्या बाईचं येणं थांबलं. बहिणीला ते फार लागलं होतं. मी हे सांगितलं तेव्हा बाईंचा चेहरा उतरला. "ते चुकलंच," त्या म्हणाल्या. "न आलेले मुलगेही लेहीचेच होते ना." मला हे उत्तर पटलं. धर्म बदलण्याचा आग्रह मला आजही नको वाटतो, पण आग्रह आणि आमंत्रण यांत फरक असतो. तो नकारानंतर कळतो.

त्यांचा मुलगा ब्राझीलमध्ये मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला गेला होता. मुलगे अठराव्या वर्षापासून जाऊ शकतात, दोन वर्षांसाठी, नेहमी जोडीने. खर्च घरचा; या घरात त्यासाठी तो लहान असल्यापासून पैसे साठवत होते. 2019 पासून दर आठवड्याला घरी फोन करता येतो. पहिल्या सहा महिन्यांत एकाही घरात त्याचं म्हणणं कुणी पुरतं ऐकून घेतलं नव्हतं. सांगताना आईचा आवाज हलला.

मी पुण्याची, हे कळल्यावर त्यांचे यजमान एकदम सावरून बसले. 1852 साली ह्यू फिंडले नावाचा त्यांचा मिशनरी मुंबईला आला होता, तिथून पुण्याला जाऊन त्याने छोटीशी मंडळीही उभी केली होती, असं त्यांनी सांगितलं. मी जन्मभर पुण्यात राहिले आणि हे मला सॉल्ट लेकमध्ये कळलं!

निघायच्या आदल्या दिवशी मी शिरा केला आणि त्यांच्याकडे नेला. सवयीने चहाही सोबत न्यायला निघाले होते. त्यांना चहा-कॉफी वर्ज्य असल्याची आठवण बहिणीने करून दिली. शिरा कशाचा ते सांगितलं, पूजेची गोष्टही सांगितली. त्यांनी सगळं मन लावून ऐकलं, दोनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा परत आला. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, हे बहिणीने त्यांना कधीतरी सांगितलेलं. डब्यात त्यांच्या परसातली पीच होती, सालीवर अजून दव.