जर्मनीत प्रायव्हेट हेल्थ इन्शुरन्स आणि पुण्यातल्या पाठदुखीचे कागद: माझा अनुभव

पब्लिक की प्रायव्हेट, हा प्रश्न जर्मनीला निघालेल्या प्रत्येकाला पडतो आणि सल्ले द्यायला पण भरपूर लोक भेटतात, पण कागदांबद्दल मला आधी कोणीही काही सांगितलं नव्हतं म्हणून हे लिहितेय. त्या प्रकरणाचा राग अजून गेलेला नाहीये, त्यामुळे लांबलं तर समजून घ्या.

आधी आमची परिस्थिती. २०२५ मध्ये मला म्युनिकला जॉब लागला, नवऱ्यालाही तिकडेच मिळाला, दोघंही आयटीत, मूल नाही. जर्मनीत हेल्थ इन्शुरन्स सगळ्यांना सक्तीचा आहे आणि नोकरी करणाऱ्याला प्रायव्हेट घ्यायचा असेल तर वर्षाचा ग्रॉस पगार सरकारने ठरवलेल्या मर्यादेच्या वर लागतो, २०२५ साठी ती ७३,८०० युरो होती, २०२४ ला ६९,३०० होती, दरवर्षी वाढते. माझा पगार वर बसत होता, नवऱ्याचा नाही, म्हणजे तो पब्लिकमध्येच जाणार हे ठरलेलंच होतं.

पब्लिकमध्ये पगाराच्या १४.६ टक्के आणि वर त्या त्या इन्शुरन्स कंपनीचा जादा टक्का (२०२५ ला सरासरी २.५) असा हप्ता असतो, अर्धा आपल्या नोकरीची कंपनी भरते अर्धा आपण, आणि ठराविक मर्यादेच्या (२०२५ ला महिन्याला ५,५१२.५० युरो) वरच्या पगारावर काही लागत नाही. प्रायव्हेटमध्ये पगाराचा संबंधच नाही, तुमचं वय, तब्येत आणि घेतलेला प्लॅन यावर हप्ता ठरतो. मी तिशीतली, मला तो स्वस्त पडत होता, स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट पण प्रायव्हेट पेशंटला लवकर मिळते, आणि आम्ही इथे बराच काळ राहायचं ठरवून आलोय. बायको किंवा नवरा नोकरी न करणारा असेल आणि पोरं असतील तर मात्र सरळ पब्लिक घ्या, तिथे ते सगळे फुकट कव्हर होतात, प्रायव्हेटमध्ये प्रत्येक माणसाचा वेगळा हप्ता पडतो.

व्हिसा, घर, बँक हे सगळं नीट झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. फक्त व्हिसासाठी लागणारी पॉलिसी (पोचल्यापासून जॉइनिंगपर्यंतची) वेगळी आणि खरा इन्शुरन्स वेगळा हे लक्षात ठेवा. तीस चाळीस युरोवाल्या ज्या स्वस्त पॉलिसी लोक सुचवतात त्या नोकरीसाठी चालत नाहीत, त्यावर नोकरीची कंपनी आपला वाटा पण देत नाही.

तर अडकलं कुठे, तब्येतीच्या प्रश्नांवर. प्रायव्हेटवाले अर्ज घेताना मागच्या काही वर्षांचं सगळं विचारतात, ओपीडीचं साधारण तीन वर्षांचं, अ‍ॅडमिट झाला असाल तर पाच वर्षांचं, मानसोपचाराचं त्याहून मागचं, कंपनीप्रमाणे थोडा फरक असतो. मला थायरॉइडची गोळी चालू आहे आणि दोन वर्षांपूर्वी पुण्यात पाठ धरली होती तेव्हा एमआरआय काढला, त्यात एल-फोर एल-फाइव्हला डिस्क बल्ज (कमरेच्या मणक्यांमधली चकती थोडी बाहेर आलेली) लिहिलं होतं, थोडे दिवस फिजिओ केला आणि बरी झाले, त्यानंतर आजतागायत काही नाही. ऑफिसमधल्या एकाने सांगितलं होतं की लिहूच नको, भारतातलं कोण तपासायला जातंय. कृपा करून असलं ऐकू नका. नंतर कधी मोठं आजारपण आलं की ते जुने कागद मागतात आणि लपवलेलं सापडलं तर करार मोडू शकतात, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी हातात काही नाही. मी सगळं लिहिलं, आणि लिहिलं याचं मला समाधान आहे.

लिहिल्यावर मग सुरू झालं. आधी ऑनलाइन फॉर्ममध्ये उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा पत्ता, त्यात पिनकोडचा रकाना पाच आकडीच घेतो कारण जर्मनीत पाच आकडी असतो, आपला सहा आकडी टाकला की लाल. मग फॅमिली डॉक्टर कोण, त्यांच्याकडून पूर्ण रेकॉर्ड मागवा. जर्मनीत डॉक्टरकडे पेशंटची फाइल असते, आपल्याकडे फाइल पेशंटच्या घरी कपाटात असते, हे त्यांना पटवून देण्यातच खूप वेळ गेला. ऑर्थोपेडिकच्या क्लिनिकला फोन केला तर रिसेप्शनच्या ताई म्हणाल्या, "मॅडम, पेपर तुम्हालाच दिले होते ना सगळे, आमच्याकडे काही राहत नाही." बरोबरच होतं त्यांचं. पेपर नाशिकला आईकडे होते, आईने फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, त्यातलं डॉक्टरांचं अक्षर मला लागेना तर जर्मनीतल्या माणसाला काय लागणार.

मग दादाला पुण्याला पाठवलं. तो बिचारा ओपीडीच्या रांगेत बसला, डॉक्टर अगदी चांगले, त्यांनी लगेच लेटरहेडवर लिहून दिलं, 'पेशंट इज फिट टू ट्रॅव्हल.' त्यांना वाटलं परदेशी जायचंय म्हणजे हेच लागत असणार. इन्शुरन्सवाल्यांनी ते परत पाठवलं आणि जोडीला नवीन प्रश्न, की मला व्हिटॅमिन डी ६०,००० युनिटचं कशासाठी दिलं होतं, कुठला आजार आहे. आपल्याकडे ती पुडी आठवड्याला एक अशी कोणालाही देतात! ते ऑफिसच्या वार्षिक चेकअपच्या कागदात होतं, मीच प्रामाणिकपणे जोडलेलं.

तोपर्यंत मी म्युनिकला पोचले होते, जॉइनिंग जवळ आलेलं, एचआर रोज विचारतंय की इन्शुरन्स कोणाचा ते कळवा. आणि ह्या इन्शुरन्स कंपनीचा तब्येत तपासणारा विभाग फोनवर बोलतच नाही, फक्त पत्र पाठवतो, साधं टपालाने. मी तात्पुरत्या फ्लॅटवर, लेटरबॉक्सवर माझं नाव नाही, आणि इथे लेटरबॉक्सवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही. त्यांचं पत्र परत गेलं आणि त्यांनी फाइलवर 'उत्तर आलं नाही' म्हणून टाकलं. हे कळलं तेव्हा मी ऑफिसच्या पायऱ्यांवर बसून रडले. माझी पाठ ठणठणीत, पैसे भरायची तयारी, सगळं खरं सांगितलेलं, आणि तरी एका कागदासाठी अर्ज बंद होणार. जे माणूस सगळं खरं सांगतंय त्याच्याशी निदान एकदा फोनवर बोलायला काय हरकत आहे हे मला आजही कळत नाही.

(पोचल्यावर पहिलं काम लेटरबॉक्सला नाव लावणं, साधी चिठ्ठी चिकटवली तरी चालते.)

शेवटी मीच डोकं लावलं. त्यांना नक्की काय काय हवंय ते एका पानावर इंग्रजीत रकाने पाडून टाइप केलं: निदान काय, पहिली भेट कधी, शेवटची भेट कधी, काय उपचार, कुठली औषधं किती दिवस, ऑपरेशन सुचवलं होतं का, त्रास कधीपासून नाही, काम करण्यावर काही बंधन आहे का. फिजिओच्या तारखा मला जीपेच्या हिस्टरीत सापडल्या, प्रत्येक सेशनचे पैसे फोनवरूनच दिले होते. दादा ते पान आणि जुने पेपर घेऊन परत गेला, डॉक्टरांनी सगळं जुळवून बघितलं, एक ओळ स्वतः बदलली आणि सही, शिक्का, महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर टाकून दिलं. थायरॉइडचं नाशिकच्या डॉक्टरांकडून तसंच पान करून घेतलं, व्हिटॅमिन डीची ओळ पण त्यातच. हे सगळं स्कॅन करून ब्रोकरमार्फत पाठवलं आणि मग गाडी हलली. आधी पाठीसाठी तीस टक्के जादा हप्ता लावणार होते तो पूर्ण गेला, थायरॉइडचा थोडासा राहिला. जॉइनिंगच्याच आठवड्यात इन्शुरन्सचं सर्टिफिकेट हातात आलं. माझं ते पान आता ओळखीतल्या सगळ्यांना देते मी, आणि मला त्याचा खरंच अभिमान आहे. पण तुम्ही हे भारत सोडायच्या आधी करून घ्या, डॉक्टर समोर असताना दहा मिनिटांचं काम आहे.

ब्रोकरबद्दल राहिलंच. मी आधी सरळ कंपनीकडे अर्ज केला होता, ब्रोकर नंतर घेतला. आधीच घेतला तर तो तुमचं नाव न सांगता दोन चार कंपन्यांना विचारू शकतो की अशी अशी तब्येत आहे, घ्याल का, किती जादा लावाल. हे महत्त्वाचं आहे कारण एका कंपनीने नाव असलेला अर्ज नाकारला की दुसरीच्या फॉर्मवर तो प्रश्न येऊ शकतो. पण तो माणूस स्वतंत्र ब्रोकर आहे की एकाच कंपनीचा एजंट ते पहिल्या भेटीतच विचारा. आणि त्याला प्रायव्हेट विकल्यावर नऊ महिन्यांच्या हप्त्यांएवढं कमिशन मिळू शकतं, पब्लिकसाठी त्या मानाने काहीच नाही, त्यामुळे पब्लिक कसं वाईट यावर तो फार बोलायला लागला तर तिथून उठा. फी देऊन सल्ला हवा असेल तर फरब्राउखरत्सेंट्राले म्हणून ग्राहक केंद्रं आहेत गावोगावी.

प्लॅन बघताना डॉक्टरच्या बिलाचा पट बघा. इथे प्रायव्हेट बिल सरकारी दरपत्रकाच्या पटीत येतं, नेहमीचं २.३ पट, कारण देऊन ३.५ पटीपर्यंत लावता येतं, प्लॅन किमान ३.५ पर्यंत देणारा हवा. दातांचं आणि बाळंतपणाचं वेटिंग आठ महिने असू शकतं, काही कंपन्या माफ करतात, ते करारात लिहून घ्या. बिल आधी आपण भरायचं आणि मग अ‍ॅपवर फोटो टाकून पैसे परत घ्यायचे, म्हणून खात्यात थोडे पैसे बाजूला असू द्या.

आणि परत पब्लिकमध्ये जाता येईल या भरवशावर प्रायव्हेट घेऊ नका. पगार मर्यादेच्या खाली आला तर जाता येतं, ५५ वर्षांनंतर जवळपास रस्ता बंद. दोन तीन वर्षांसाठी भारतात परतणार असाल तर थोडे पैसे भरून पॉलिसी गोठवून ठेवता येते, म्हणजे परत आल्यावर तब्येतीची नव्याने तपासणी नाही.

मुलाचा हिशोब आम्ही आधीच केलाय. माझा पगार त्या मर्यादेच्या वर आणि नवऱ्यापेक्षा जास्त, त्यामुळे मूल त्याच्या पब्लिकमध्ये फुकट बसणार नाही. पालकत्वाच्या रजेत माझा पूर्ण हप्ता मलाच भरायचा, कारण कंपनीचा वाटा थांबतो, तेवढी रक्कम आतापासून वेगळी ठेवतोय. माझ्या पॉलिसीला तीन महिने केव्हाच होऊन गेलेत, त्यामुळे जन्मापासून दोन महिन्यांच्या आत बाळाचं नाव माझ्या कंपनीत घातलं की त्याच्या तब्येतीचा एकही प्रश्न ते विचारू शकत नाहीत.