पान एकदाचं वाहून गेलं! (डेटामॉश अपडेट)

मागच्या नोंदीतलं रडगाणं आठवत असेल. (डेटामॉश म्हणजे व्हिडिओ फाइल मुद्दाम बिघडवून एका शॉटची गती दुसऱ्या शॉटच्या चित्रावर चढवणं.) पिकल्या पानाच्या शॉटला ओढ्याचा शॉट जोडायचा आणि जोडावरची आय-फ्रेम (अख्खं चित्र साठवणारी फ्रेम) उडवायची, म्हणजे पाण्याची गती पानाचेच पिक्सेल ओढत नेईल, असा बेत होता. प्रत्यक्षात पान जेमतेम थरथरायचं आणि लगेच चौकोनाचौकोनांतून खराखुरा ओढा उगवायचा. विषय नश्वरतेचा, आणि फाइल मात्र स्वतःची डागडुजी करत बसलेली!

की-फ्रेमचं (म्हणजे आय-फ्रेमचंच) अंतर अवाढव्य होतं, मागच्या-पुढच्या दोन्ही फ्रेमवर बेतलेल्या बी-फ्रेम शून्य, सीन बदलला की आपोआप की-फ्रेम टाकणारं सीन-चेंज बंद. मग गडबड कुठे? पी-फ्रेमच्या, म्हणजे आधीच्या फ्रेमपासूनचा बदल तेवढा साठवणाऱ्या फ्रेमच्या, पोटात. 16×16 पिक्सेलच्या एखाद्या ब्लॉकशी जुळणारं काही आधीच्या फ्रेममध्ये सापडलं नाही, की एन्कोडर (व्हिडिओ दाबून साठवणारा प्रोग्राम) तेवढा ब्लॉक नव्याने, अख्खा साठवतो. म्हणजे आय-फ्रेम हाकलली तरी तिची पिल्लं आतच. फेसाळतं पाणी तर दर फ्रेमला नवं, त्यात जुळणार काय! बिटरेट (दर सेकंदाला वापरायचा डेटा) वाढवून पाहिला तर उलटंच झालं: बारीकसारीक फरकही इमानेइतबारे भरला जातो आणि पान आणखी लवकर पुसलं जातं.

उपाय शेवटी कॅमेऱ्यात निघाला. एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काच) लावून, सेकंदाला 25 फ्रेमच्या शूटला शटर 1/25 सेकंदावर आणलं. फेसाची चमचम जाऊन सलग रेषा आल्या. वर हलका डीनॉइज (चित्रातले बारीक दाणे काढणं), आणि बारीक तपशील गाळणारा क्वांटायझर बराच चढा. आता पानाची मधली शीर खडकापाशी लांबते, वळसा घेते, भोवऱ्यात गुंडाळली जाते. गंजका रंग तेवढा प्रवाहाच्या आकारात मागे राहतो. हा तुकडा मी लूपवर लावून नुसता बघत बसलो.

टूल्सचं म्हणाल तर एक्सव्हिड या एन्कोडरची एव्हीआय फाइल आणि ॲव्हिडेमक्स या एडिटरची जुनी 2.5 मालिका, अजूनही हीच जोडी. एका क्लिकमध्ये ग्लिच (बिघाडाचा इफेक्ट) देणारी प्लगइन्स माझ्या डोक्यात जातात. पान असो वा ढग, सगळ्यांना सारखंच मारतात.

पुढे वाळू घसरतानाचा शॉट घेणार होतो, पण लिहिता लिहिता प्रायोगिक चित्रपटकार स्टॅन ब्रॅकेजची 1963 ची फिल्म ‘मॉथलाइट’ आठवली. कॅमेरा नाहीच, पतंगांचे पंख, पाकळ्या, गवत थेट चिकट टेपमध्ये दाबलेलं. मग मी तरी पान शूट कशाला करतोय? जाळी पडलेलं पान फ्लॅटबेड स्कॅनरवर स्कॅन करून तीच पहिली फ्रेम! शिरा कितीतरी धारदार येतील. आणि ते नव्याने साठवले जाणारे आगाऊ ब्लॉक शेवटच्या भागात मुद्दाम राहू द्यावेत, किडीने खाल्ल्यासारखी भोकं पडत जातील. त्यासाठी वेगवान शटरचा जुना शॉट आहेच. स्कॅनच्या कडा फ्रेममध्ये दिसू द्याव्यात की कापाव्यात? कुणी करून पाहिलं असेल तर सांगा.